बीमटाइम सर्वांचा, मग डेटा एकट्याचा का?

महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांच्या कुलगुरूंना खुले पत्र

बेसिंगस्टोक, हॅम्पशायर

माननीय कुलगुरू महोदय आणि महोदया,



मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर, अमरावती, जळगाव, नांदेड, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर. आपल्या विद्यापीठांच्या रसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान आणि भौतिकशास्त्र विभागांत आज कुणी विद्यार्थिनी एखाद्या प्रथिनाचा स्फटिक वाढावा म्हणून महिनोन्‌महिने वाट पाहत असेल. उद्या तो स्फटिक इंदूरला किंवा इटलीतल्या त्रिएस्तेला क्ष-किरणांसमोर ठेवला जाईल. हे पत्र परवाबद्दल आहे. किरण पडून गेल्यावर मागे जो डेटा उरतो तो कुठे जातो, कोण सांभाळतो आणि दहा वर्षांनी तो कुणाला सापडेल का, एवढेच मला आपल्यापुढे मांडायचे आहे.

मी स्फटिकशास्त्राचा अभ्यासक आहे आणि इंग्लंडच्या दक्षिणेला बेसिंगस्टोक या गावी राहतो. इथून ए-३३९ रस्त्याने न्यूबरी गाठायचे आणि पुढे ए-३४ ने उत्तरेकडे निघायचे. तासाभरात हार्वेलचे विज्ञान-संकुल येते. तिथे 'डायमंड लाइट सोर्स' हा ब्रिटनचा राष्ट्रीय सिंक्रोट्रॉन आहे. ५६१.६ मीटर परिघाच्या वलयात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरत ठेवले जातात. चुंबकांनी त्यांची वाट वळवली की अत्यंत तेजस्वी क्ष-किरण बाहेर पडतात आणि वलयाभोवतीच्या तीसहून अधिक प्रयोगस्थानांपर्यंत, म्हणजे बीमलाइनपर्यंत पोहोचतात. २००७ च्या जानेवारीत इथे पहिले संशोधक आले. या यंत्रणेचा ८६ टक्के खर्च ब्रिटिश सरकार करते, १४ टक्के वेलकम ट्रस्ट. जे संशोधक निष्कर्ष प्रसिद्ध करणार आहेत त्यांचा प्रस्ताव तज्ज्ञांच्या समितीने मान्य केला की बीमटाइमचे, म्हणजे बीमलाइन वापरण्याच्या वेळेचे, पैसे पडत नाहीत. निष्कर्ष स्वतःपुरते ठेवू पाहणाऱ्या कंपन्या मात्र शुल्क भरतात. या नियमामागचा विचार मला फार महत्त्वाचा वाटतो: ज्याला सार्वजनिक किरण फुकट हवा, त्याने फळही सार्वजनिक करावे.

बेसिंगस्टोकमध्ये बरीच मराठी कुटुंबे आहेत. कुणी रुग्णालयात आहे, कुणी सॉफ्टवेअरमध्ये, कुणी औषध कंपनीत. एली लिली कंपनीचे ब्रिटनमधले मुख्य ठिकाण अनेक दशके हेच गाव आहे. या सगळ्यांच्या आणि त्यांच्या शेजाऱ्यांच्या करातून हार्वेलचे वलय फिरते. इंदूरच्या सिंक्रोट्रॉनचे वलय नाशिकच्या द्राक्षबागायतदाराच्या आणि मालेगावच्या यंत्रमाग कामगाराच्या करातून फिरते. म्हणून माझे म्हणणे सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. बीमलाइनवर मिळालेला कच्चा डेटा ही विद्यार्थ्याची खासगी वस्तू नाही आणि मार्गदर्शकाचीही नाही. तो सार्वजनिक ठेवा आहे आणि तो सांभाळण्याची जबाबदारी विद्यापीठाने संस्था म्हणून स्वीकारली पाहिजे.

आपल्यापैकी अनेकांचा विषय वेगळा असेल, म्हणून बीमलाइनवर प्रत्यक्षात काय घडते ते आधी सांगतो. प्रथिनाचा स्फटिक बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही लहान असतो. सूक्ष्मदर्शकाखाली बघत तो नायलॉनच्या केसासारख्या धाग्याच्या लूपमध्ये उचलायचा आणि लगेच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायचा. लूप ज्या पिनवर असतो तशा १६ पिना एका चकतीत, म्हणजे पकमध्ये बसतात. पक ड्राय शिपरमध्ये, म्हणजे नमुने अतिथंड राखणाऱ्या वाहतुकीच्या भांड्यात घालून कुरियरने बीमलाइनला जातात. तिथे रोबोचा हात एकेक पिन उचलून किरणाच्या वाटेवर ठेवतो आणि थंड वायूचा झोत स्फटिकाला उणे १७३ अंश सेल्सियसला राखतो. स्फटिक हळूहळू फिरतो, किरण त्यातून विखुरतात आणि मागचा डिटेक्टर दर दशांश अंशाला एक चित्र टिपतो. पूर्ण फेरीची ३,६०० चित्रे मिनिटाभराच्या आत जमा होतात. त्यांचा आकार साधारण दहा-वीस गिगाबाइट भरतो. एका पाळीत अशा कित्येक स्फटिकांचा क्रम लागतो.

आता बहुतेकांना बीमलाइनवर प्रत्यक्ष जावे लागत नाही. संगणकावरून दुरूनच प्रयोग चालवता येतो. इथे मध्यरात्र झाली की पुण्यात उन्हाळ्यात पहाटेचे साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच वाजलेले असतात. तेव्हा एकाच स्फटिकाची चित्रे हार्वेल, बेसिंगस्टोक आणि पुणे इथल्या पडद्यांवर एकाच वेळी उमटू शकतात. पूर्वी विमानाच्या तिकिटावर जे अडत असे, ते आता अडत नाही. लहान गावातल्या महाविद्यालयालाही हे दार उघडे झाले आहे, हे आपण लक्षात घ्यावे असे मला मनापासून वाटते.

सामाईक साधन कसे वापरावे हे महाराष्ट्राला बाहेरून शिकायची गरज नाही. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर फडपद्धत शतकानुशतके चालली. बंधाऱ्याचे पाणी कुणा एकाचे नसे. कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे ते गाव मिळून ठरवी, पाटकरी पाळीने पाणी सोडी आणि पाटातला गाळ काढायला प्रत्येक घरचा माणूस येई. पाण्यावरचा हक्क आणि पाट राखण्याचे कर्तव्य वेगळे काढता येत नसे. बीमलाइनच्या बाबतीत आपण पाळी मागायला शिकलो आहोत, पाट राखायला अजून शिकायचे आहे. आणि इथे पाट राखणे म्हणजे डेटा राखणे.

या डेटाचे तीन थर असतात. सगळ्यात खाली डिटेक्टरने टिपलेली कच्ची चित्रे. त्यांतल्या हजारो ठिपक्यांची तीव्रता मोजून तयार होते आकड्यांची यादी, हा दुसरा थर. त्या आकड्यांवरून अणूंच्या जागा ठरवून उभे राहते ते प्रतिमान, हा तिसरा. शोधनिबंधात आणि पाठ्यपुस्तकात आपण पाहतो तो रंगीत रिबिनींचा आकार म्हणजे हा तिसरा थर.

तिसरा थर सांभाळण्याची व्यवस्था जगाने फार लवकर केली. १९७१ साली अवघ्या सात रचनांवर प्रोटीन डेटा बँक सुरू झाली. आज तिथे दोन लाखांहून अधिक रचना आहेत आणि जगातला कुणीही विद्यार्थी त्या फुकट उतरवून घेऊ शकतो. २००८ पासून या बँकेने दुसरा थर, म्हणजे आकड्यांची यादी देणेही सक्तीचे केले. पहिला थर मात्र अजून ज्याच्या-त्याच्या मर्जीवर आहे. आणि नेमका तोच थर निसर्गाच्या सगळ्यात जवळचा आहे. वरचे दोन्ही थर माणसाने आणि त्याच्या सॉफ्टवेअरने काढलेला अर्थ आहेत.

अर्थ काढताना चूक होऊ शकते. जिवाणूंच्या पेशीतून औषधे बाहेर फेकणाऱ्या एमएसबीए या प्रथिनाची रचना अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या प्रयोगशाळेने २००१ साली प्रसिद्ध केली. पुढे त्याच मालिकेतल्या आणखी रचना आल्या. २००६ साली झुरिकच्या शास्त्रज्ञांनी त्याच कुळातल्या दुसऱ्या प्रथिनाची रचना काढली तेव्हा दोन्हींचा मेळ बसेना. शोध घेतल्यावर कळले की त्या प्रयोगशाळेत वापरात असलेल्या एका छोट्या प्रोग्रामने आकड्यांच्या दोन रकान्यांची अदलाबदल केली होती, त्यामुळे रचनेचा डावा-उजवा हातच पालटला होता. पाच शोधनिबंध मागे घ्यावे लागले. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. पण मधल्या पाच वर्षांत कितीतरी प्रयोगशाळांनी त्या रचनेवर आपले प्रयोग बेतले. सुरुवातीची चित्रे सर्वांसाठी खुली असती आणि कुणी दुसऱ्या सॉफ्टवेअरने ती पुन्हा मोजली असती, तर ही चूक खूप आधी पकडता आली असती.

दुसरा प्रकार याहून क्लेशदायक आहे. २००९ साली बर्मिंगहॅम इथल्या अलाबामा विद्यापीठाने आपल्याच एका माजी संशोधकाच्या दहाहून अधिक रचना बहुधा बनावट असल्याचे जाहीर केले आणि त्या डेटा बँकेतून काढून टाकायला सांगितले. रचना आणि आकडे कुणी संगणकावर बनवू शकतो. बीमलाइनवर तारीख-वेळेसह नोंदलेली हजारो चित्रे बनवणे फार अवघड आहे. कच्चा डेटा जपलेला असला की प्रामाणिक विद्यार्थ्याचे त्याने आपोआप रक्षण होते. त्याच्या कामावर कुणी शंका घेतली तर उत्तर म्हणून ती चित्रे उघडून दाखवता येतात.

पण चुका आणि फसवणूक टाळणे हे डेटा राखण्याचे दुय्यम कारण आहे. मुख्य कारण असे की जुना डेटा पुन्हा बोलू शकतो. ऑक्सफर्ड आणि डायमंडच्या संशोधकांनी २०१७ साली 'पॅनडा' नावाची पद्धत प्रसिद्ध केली. औषधाचा छोटा रेणू प्रथिनाला अगदी क्षीणपणे चिकटला असेल तर नेहमीच्या पद्धतीने तो दिसत नाही. या पद्धतीत त्याच प्रथिनाच्या, रेणू न चिकटलेल्या अनेक स्फटिकांची सरासरी काढून ती वजा करतात आणि मग लपलेला रेणू समोर येतो. याचा अर्थ नीट पाहावा. ज्या स्फटिकांत काहीच सापडले नाही, त्यांच्याच डेटाने हा शोध शक्य झाला. आपल्या प्रयोगशाळांत असा डेटा 'फेल गेला' म्हणून पुसला जातो. पुसणाऱ्या विद्यार्थ्याला दोष देता येत नाही, कारण तो ठेवायला जागा आहे असे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

याच हार्वेलमध्ये २०२० च्या सुरुवातीला जे घडले ते मी विसरू शकत नाही. शांघायच्या शास्त्रज्ञांनी करोना विषाणूच्या मुख्य प्रोटिएज या विकराची रचना काढली आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ती डेटा बँकेतून जगासाठी खुली झाली. काही आठवड्यांत डायमंडच्या बीमलाइनवर त्या विकराच्या स्फटिकांवर बाराशेहून अधिक छोटे रेणू तपासले गेले आणि सत्तरहून अधिक चिकटलेले आढळले. शोधनिबंध छापून येण्याची वाट न पाहता हे निकाल मार्चमध्येच सर्वांसाठी ठेवण्यात आले. टाळेबंदीत घरी बसलेल्या जगभरच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्यावरून औषधासाठी हजारो रेणूंचे आराखडे सुचवले. 'कोविड मूनशॉट' नावाने ओळखला जाणारा हा प्रकल्प शक्य झाला तो शांघायने रचना आणि हार्वेलने निकाल अडवून धरले नाहीत म्हणून.

आणि २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल. प्रथिनाचा आकार त्याच्या घटकक्रमावरून ओळखणाऱ्या 'अल्फाफोल्ड' या प्रणालीबद्दल डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना त्यात वाटा मिळाला. ती प्रणाली शिकली कशावर? प्रोटीन डेटा बँकेतल्या दीड लाखाहून अधिक रचनांवर. पन्नास वर्षे जगभरच्या विद्यार्थ्यांनी एकेक स्फटिक वाढवून, एकेक रचना जमा करून हा साठा केला. त्यांच्यापैकी कुणालाही ठाऊक नव्हते की पुढे त्याचा असा उपयोग होणार आहे. कच्च्या चित्रांतून उद्या काय शिकता येईल हे आज आपल्यालाही ठाऊक नाही, म्हणूनच ती ठेवायची.

या साठ्यात महाराष्ट्राचाही वाटा आहे. डोरोथी हॉजकिन यांनी ऑक्सफर्डला पेनिसिलिनची रचना १९४५ साली उलगडली. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पेनिसिलिन भारतात बनू लागले. पेनिसिलिनपासून नवी प्रतिजैविके बनवण्यासाठी जे विकर उपयोगी पडतात त्यांपैकी पेनिसिलिन व्ही ॲसायलेजची रचना पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या आणि इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी मिळून १९९९ साली प्रसिद्ध केली. ती रचना आजही डेटा बँकेत आहे आणि कोल्हापूरचा एम.एस्सी.चा विद्यार्थी ती आज संध्याकाळी उघडून पाहू शकतो. हॉजकिन यांच्या १९४५ च्या कामापासून या विद्यार्थ्यापर्यंतची ही ओळ अखंड राहिली, कारण प्रत्येक पिढीने आपले निष्कर्ष पुढच्या पिढीच्या हाती दिले.

आज आपल्या विद्यार्थ्यांना बीमलाइन मिळत नाही असे नाही. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात 'इंडस-२' आहे, २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा, १७२.५ मीटर परिघाचा. त्यावर भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेली प्रथिन-स्फटिकांची बीमलाइन आहे. विद्यापीठांतल्या संशोधकांना साहाय्य करण्यासाठी यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम आहे आणि त्याचे एक केंद्र मुंबईतच आहे. फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या युरोपीय सिंक्रोट्रॉनवर भारताच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने चाललेली बीमलाइन भारतीयांनी काही वर्षे वापरली. त्रिएस्तेच्या 'एलेत्रा'वर भारताच्या सहभागाने बीमलाइन उभ्या राहिल्या. साधने आहेत. पण जो डेटा त्यांतून येतो, त्याची वाट विद्यापीठात पोहोचल्यावर अंधारात शिरते.

ही वाट मी अनेक तरुण सहकाऱ्यांच्या सांगण्यातून ओळखतो. बीमलाइनवरून डेटा पोर्टेबल हार्ड डिस्कवर उतरतो. डिस्क विद्यार्थ्याच्या खणात राहते. फोल्डरची नावे 'टेस्ट', 'टेस्ट-नवीन', 'फायनल-२' अशी असतात. कोणत्या पिनवर कोणता नमुना होता हे वहीत असते, वही प्रयोगशाळेत असते. पीएच.डी. झाल्यावर विद्यार्थी नोकरीला जातो. तीन-चार वर्षांत डिस्क चालेनाशी होते. मग समीक्षक एखादा प्रश्न विचारतो आणि त्याचे उत्तर कुणाकडेच नसते.

नुसती चित्रे जपूनही भागत नाही. किरणाची तरंगलांबी किती होती, डिटेक्टर किती अंतरावर होता, किरण त्याच्या कोणत्या बिंदूवर पडत होता, स्फटिक कोणत्या दिशेने फिरत होता, हे ठाऊक नसेल तर ती चित्रे मुकी राहतात. फिरण्याची दिशा उलटी नोंदली गेली तरी पुढचे गणित फसते. चांगल्या बीमलाइनवर ही माहिती आपोआप प्रत्येक फाइलमध्ये लिहिली जाते आणि प्रयोगाचे वर्णन डेटाबेसमध्ये चढते. डायमंडवर प्रत्येक भेटीला क्रमांक असतो, त्या क्रमांकाच्या फोल्डरमध्येच डेटा जातो, भेटीच्या यादीत नाव असलेल्यालाच तो दिसतो आणि पुढे तो शेजारच्या रदरफोर्ड ॲपल्टन प्रयोगशाळेच्या टेप-साठ्यात जातो. इथे शिस्त माणसाच्या स्मरणशक्तीवर सोडलेली नाही, व्यवस्थेत बसवलेली आहे. नमुन्याचे नाव मात्र माणसालाच लिहावे लागते. पक पाठवण्यापूर्वी ते लिहिणे ही सवय पहिल्या वर्षापासून लागली पाहिजे.

आता आक्षेपांकडे येतो, कारण ते खरे आहेत आणि त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप: डेटा खुला केला तर आमच्या मुलांचे काम मोठ्या प्रयोगशाळा पळवतील. ही भीती रास्त आहे. लहान विद्यापीठातल्या विद्यार्थिनीला विश्लेषणाला जास्त वेळ लागतो. म्हणूनच खुलेपणाला मुदत असते. ग्रनोबलच्या सिंक्रोट्रॉनने २०१५ साली जे धोरण स्वीकारले त्यात डेटा तीन वर्षे प्रयोग करणाऱ्यांपुरता राहतो आणि मग सर्वांसाठी खुला होतो. कारण दिल्यास मुदत वाढवूनही मिळते. पेटंटचा विचार असेल तर तोही या मुदतीत बसतो. पण डेटा नोंदवून जमा करण्याला मुदत नको. जमा पहिल्या आठवड्यातच व्हावा, खुला नंतर व्हावा. नोंद झालेला डेटा तारखेसह विद्यार्थिनीच्या नावावर असतो, त्यामुळे तिचा पहिला हक्क उलट पक्का होतो.

दुसरा आक्षेप खर्चाचा. सगळेच ठेवावे असे मी म्हणत नाही. स्फटिक किरणात कुठे आहे हे शोधताना घेतलेली चित्रे, रिकाम्या लूपची चित्रे, मधेच थांबलेला प्रयोग हे ठरावीक काळानंतर काढून टाकता येते. प्रसिद्ध झालेल्या प्रत्येक रचनेचा कच्चा डेटा आणि एकाच मालिकेतल्या स्फटिकांचे पूर्ण संच ठेवावेत. युरोपच्या सर्न संस्थेच्या 'झेनोडो' या साठ्यात एका नोंदीत ५० गिगाबाइटपर्यंत डेटा विनामूल्य ठेवता येतो आणि त्याला डीओआय, म्हणजे कायमचा क्रमांक मिळतो. जपानमध्ये ओसाकालाही खास क्ष-किरण चित्रांसाठी साठा आहे. भारतात फरिदाबादला २०२२ साली इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर सुरू झाले, त्याची साठवणक्षमता सुमारे चार पेटाबाइट आहे. सार्वजनिक पैशातून झालेल्या जैविक संशोधनाचा डेटा वाटून घ्यावा, असे मार्गदर्शक धोरणही केंद्र सरकारने २०२१ सालीच जाहीर केले. म्हणजे सगळे नव्याने उभारायचे नाही. विद्यापीठाने आपल्या वाट्याचे काम करायचे आहे.

तिसरा आक्षेप मी वारंवार ऐकतो: आपल्याकडे स्फटिकशास्त्राचे विद्यार्थी किती, त्यांच्यासाठी एवढे कशाला? पण आज जे स्फटिकाच्या चित्रांना लागू आहे तेच जनुकीय क्रमाला, सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमांना आणि मृदा-नमुन्यांच्या नोंदींना लागू आहे. स्फटिकशास्त्राने पन्नास वर्षांपूर्वी रस्ता घालून दिला आहे, म्हणून सुरुवात तिथून करणे सोपे आहे.

हे आत्ताच करायला आणखी एक कारण आहे. जगातले सिंक्रोट्रॉन एकामागून एक नूतनीकरणासाठी बंद होत आहेत. ग्रनोबलचा २०१८ च्या अखेरीपासून २०२० पर्यंत बंद होता. हार्वेलचा 'डायमंड-२' साठी २०२७ च्या अखेरीपासून सुमारे दीड वर्ष बंद राहायचा आहे. अशा काळात बीमटाइमची चणचण वाढते आणि जो डेटा आधीच हाती आहे त्याची किंमत वाढते. ज्या विद्यापीठाने आपला जुना डेटा नीट राखला आहे, त्याचे विद्यार्थी या दीड वर्षातही नव्या सॉफ्टवेअरने जुन्या चित्रांवर काम करू शकतील.

आपल्याकडे माझ्या पाच विनंत्या आहेत.

एक. पीएच.डी.च्या नोंदणीबरोबर एक पानाची डेटा-योजना मागावी: कोणता डेटा तयार होईल, कुठे ठेवला जाईल, कोण जबाबदार असेल आणि केव्हा खुला होईल.

दोन. प्रबंध 'शोधगंगा'वर चढवणे आपण सक्तीचे केले आहेच. त्याच वेळी प्रबंधातल्या प्रत्येक रचनेच्या कच्च्या डेटाचा कायमचा क्रमांक मागावा. क्रमांकाशिवाय प्रबंध पूर्ण समजू नये. मुदत लागू असेल तर डेटा बंद राहील, पण क्रमांक असेल.

तीन. प्रत्येक विद्यापीठात डेटा सांभाळणारी एक कायमची जागा निर्माण करावी. ही व्यक्ती ग्रंथालयात असावी असे मला वाटते, कारण जपणे, वर्गीकरण करणे आणि मागणाऱ्याला शोधून देणे हे ग्रंथपालांना इतर कुणाहूनही चांगले येते. डेटाच्या दोन प्रती दोन वेगळ्या इमारतींत राहतील एवढे तरी तिने पाहावे.

चार. डेटासंच जमा करणे हे प्राध्यापकांच्या बढतीत आणि विद्यार्थ्यांच्या मूल्यमापनात धरावे. ज्याने पन्नास पूर्ण डेटासंच नीट नोंदवून दिले, त्याने विज्ञानाची मोठी सेवा केली आहे. ती कागदावर मोजली गेली नाही तर ती कुणी करणार नाही.

पाच. बीमटाइम एकेकट्याने न मागता गटाने मागावा. इथे अनेक प्रयोगशाळा मिळून एक प्रस्ताव करतात आणि मिळालेला वेळ आपसांत वाटून घेतात. ज्या लहान गटाकडे दोनच स्फटिक तयार आहेत, त्यालाही त्यात जागा मिळते. नांदेड, जळगाव आणि सोलापूरच्या विभागांनी पुण्या-मुंबईच्या संस्थांबरोबर असा गट केला, एक ड्राय शिपर सामाईक घेतला आणि एकाच पद्धतीने नावे लिहायचे ठरवले, तर इंदूरच्या पाळीतला एक तासही वाया जाणार नाही.

यातली एकही विनंती नव्या कायद्याची वाट पाहत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे विद्या परिषद आणि व्यवस्थापन परिषद दोन्हींचे अध्यक्ष आपणच आहात. पहिल्या दोन गोष्टी विद्या परिषदेच्या एका ठरावाने होऊ शकतात. तिसऱ्यासाठी अर्थसंकल्पात एक ओळ लागेल. चौथी आणि पाचवी आपल्या शब्दाने सुरू होऊ शकतात.

मी दूर देशात राहून हे लिहितो आहे. इथल्या व्यवस्थेचा मला फायदा झाला आहे आणि तो माझ्या राज्यातल्या मुलांनाही व्हावा असे मला तीव्रतेने वाटते. आपल्या विद्यार्थ्यांची बुद्धी किंवा कष्ट कुठेही कमी नाहीत. त्यांच्या कष्टातून निघालेला डेटा त्यांच्या पश्चात टिकेल याची हमी मात्र त्यांना कुणी दिलेली नाही. ती हमी विद्यापीठच देऊ शकते.

विद्या परिषदेच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा, ही नम्र विनंती. ठरावाचा मसुदा करायला, ग्रंथपालांना आणि विद्यार्थ्यांना शिकवायला, दूरस्थ पद्धतीने बीमलाइन कशी चालवायची हे दाखवायला माझ्यासारखे ब्रिटनमधले मराठी संशोधक आनंदाने वेळ देतील. आपण दिवस ठरवावा, आम्ही हजर राहू.

आपला नम्र,
बेसिंगस्टोकमधील एक मराठी स्फटिकशास्त्रज्ञ